पाण्याचे माहेर

आमच्या भिवंडी शहराची सकाळ पाखरांच्या किलबिलाटाने होत नाही. ती यंत्रमागांच्या खडखडाटाने होते. रात्रपाळीचे कामगार घरी परततात, दिवसपाळीचे निघतात, आणि माग मात्र अखंड चालूच राहतात. माझे वडीलही मागावर काम करतात. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी हीच कथा. कोणाचे घराणे मूळचे येथलेच, कोणाचे तेलंगणातून आलेले, तर कोणाचे उत्तर प्रदेशातून. पण संध्याकाळी घरी परतणाऱ्या सर्वांच्या केसांवर कापसाचे तंतू सारखेच चिकटलेले असतात.

शहराबाहेर पडले की माळावरून प्रचंड लोखंडी नळ गेलेले दिसतात. माणूस आतून ताठ उभा राहून चालू शकेल, एवढे ते मोठे आहेत. नळाला कान लावला की आतून वाहणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाज ऐकू येतो. हे पाणी मुंबईला जाते, एवढे आम्हांला ठाऊक होते. पण ते येते कोठून, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

एके दिवशी माझ्या एका मित्राने वर्गात विचारले, “गुरुजी, हे नळ येतात तरी कोठून?”

गुरुजी हसले. “याचे उत्तर मला फळ्यावर एका ओळीत लिहून देता येईल,” ते म्हणाले, “पण काही उत्तरे पायांनी चालत जाऊन शोधावी, म्हणजे ती विसरत नाहीत.”

अशा रीतीने आमची तानसा अरण्याची सहल ठरली. गुरुजींनी आवश्यक त्या परवानग्या आधीच मिळवल्या, आणि फाल्गुनातील एका शनिवारी पहाटे आम्ही पस्तीस मुले-मुली एस. टी. च्या गाडीतून निघालो.

गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली. पडघा मागे पडले, वासिंद गेले, आणि आसनगाव जवळ येताच डावीकडे माहुलीचा डोंगर उभा राहिला. त्याच्या माथ्यावरील उंच सुळके सकाळच्या धुक्यातून वर डोकावत होते. “इतिहासात वाचलेला माहुली किल्ला तो हाच,” गुरुजी म्हणाले. “निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज शहाजीराजांनी १६३६ साली याच किल्ल्याच्या आश्रयाने दिली.” डोंगराच्या पायथ्यापासून दूरवर पसरलेले रान दाखवून ते पुढे म्हणाले, “आणि तेथून आपले अरण्य सुरू होते.”

शहापूर ओलांडून आटगावाजवळ गाडीने महामार्ग सोडला. रस्ता अरुंद झाला, दुतर्फा झाडी दाट होऊ लागली, आणि नाक्यावर गाडी थांबली. तेथे एक वृद्ध गृहस्थ आमची वाट पाहत उभे होते. ते जवळच्याच पाड्यावरचे, ठाकूर समाजातील. सारा जन्म त्यांनी या रानात काढला होता. त्यांना सर्वजण ‘बाबा’ म्हणत. आम्हीही तसेच म्हणू लागलो.

“पोरांनो,” बाबा म्हणाले, “रान पाहायला आलात, तर आधी तोंड मिटा. तुम्ही बोलाल तोवर रान बोलणार नाही.”

आम्ही पाच मिनिटे गप्प उभे राहिलो, आणि खरोखरच रान बोलू लागले. पायांखाली वाळलेली पाने कुरकुरत होती. एक मोठे सागाचे पान फांदीफांदीवर आपटत, कागदासारखा आवाज करीत खाली आले. दूर कोठेतरी सुतारपक्ष्याची टकटक चालली होती. मागांच्या आवाजाला सरावलेल्या आमच्या कानांना एवढी शांतता प्रथम थोडी भयाणच वाटली. मग मात्र ती हवीहवीशी वाटू लागली.

हे मुख्यतः पानझडीचे अरण्य आहे. फाल्गुनात येथील पुष्कळशी झाडे निष्पर्ण होतात. “झाडे मेली का?” एका मुलीने हळूच विचारले. “मेली नाहीत, शहाणी झाली,” बाबा उत्तरले. “उन्हाळ्यात पाणी कमी, मग पानांचा संसार कशाला वाढवायचा? पाने टाकून ती थोडक्या ओलाव्यावर दिवस काढतात.” त्यांनी सागाचे एक कोवळे पान शोधून काढले आणि आमच्या तळहातांवर चोळले. पाहतो तो तळहात मेंदी लावल्यासारखे तांबडेलाल! मग ऐनाचे झाड दाखवले. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची होती. काताचा खैर, पत्रावळीचा पळस, कळंब, हेद, बांबूची बेटे, अशी एकेकाची ओळख पटत गेली.

पानांवाचून उघड्या पडलेल्या त्या रानात काटेसावर मात्र लाल फुलांनी लखलखत होती. एकेका फुलावर मैना, कोतवाल आणि इवलेसे शिंजीर यांची झुंबड उडाली होती. खाली पडलेली फुले मुलींनी ओंजळीत घेतली. शहरात जिला आम्ही नुसते ‘झाड’ म्हणून ओलांडून गेलो असतो, ती सावर आता आमच्या ओळखीची झाली होती.

थोडे पुढे एका विशाल मोहाच्या झाडाखालची जमीन कोणीतरी अंगणासारखी स्वच्छ झाडून ठेवली होती. बाबा म्हणाले, “मोहाची फुले पहाटे टपटप पडतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून काही जण खालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी कधी हाताबाहेर जाते आणि डोंगरच्या डोंगर वणव्यात सापडतो. म्हणून मी जाळत नाही. खराट्याने झाडतो. दोन तास अधिक लागतात. पण रान राहते.”

“पण बाबा, वाळका पाचोळा जळाला तर एवढे काय बिघडले?” मी विचारले.

बाबांनी उत्तर दिले नाही. ते आम्हांला जवळच्या ओढ्यापाशी घेऊन गेले. ओढा जवळजवळ आटला होता. एका खोलगट जागी थोडे पाणी होते. बाबांनी तांब्याभर पाणी घेतले आणि त्यातले निम्मे पायवाटेच्या उघड्या उतारावर ओतले. ते क्षणात माती घेऊन, गढूळ होऊन खाली धावले. उरलेले निम्मे त्यांनी झाडाखालच्या जाड पाचोळ्यावर ओतले. आम्ही वाकून पाहू लागलो. पाणी कोठेच धावले नाही. पाचोळ्याने ते गपकन पिऊन टाकले.

“आले ध्यानात?” गुरुजी म्हणाले. “या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा चारच महिन्यांत. थेंब आधी पानांवर झेलला जातो, मग पाचोळ्यावर उतरतो, मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो आणि सावकाश झऱ्यांना मिळतो. पाचोळा जळाला, झाडे गेली, तर तेच पाणी माती घेऊन धावत सुटेल. तलाव गाळाने भरू लागेल, आणि झरे लवकर आटतील. तलावाची भिंत पाणी अडवते. पण त्या पाण्याला सांभाळून आणते ते हे रान.”

नंतर गुरुजींनी आम्हांला एका पक्ष्याची गोष्ट सांगितली. त्याचे नाव रानपिंगळा. आपल्या गावात जुन्या इमारतींत राहणारा पिंगळा असतो, त्याचाच हा रानातला भाऊबंद. १८८४ सालानंतर तो कोणाही अभ्यासकाला निश्चितपणे आढळला नव्हता. तो पृथ्वीवरून नाहीसा झाला, असेच पुष्कळांना वाटू लागले. पण ११३ वर्षांनी, १९९७ साली, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात तो पुन्हा दिसला. आणि २०१४ साली तर तो या तानसा अरण्यातही आढळला. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली लागतात. इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्रीवर अवलंबून नसतो. दिवसाही शिकार करतो. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते; रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके अगदी थोडे असतात.

आम्ही अर्धा तास श्वास रोखून बसलो. प्रत्येक ढोलीकडे पस्तीस जोड्या डोळ्यांनी टक लावली. रानपिंगळा दिसला नाही. “निराश होऊ नका,” गुरुजी म्हणाले. “आपण त्याला पाहिले नाही, पण कदाचित त्याने आपल्याला पाहिले असेल.” त्या शब्दांनी आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. परतताना आम्ही अधिकच हलक्या पावलांनी चाललो.

आणि मग झाडी एकाएकी संपली. समोर तानसा तलाव पसरला होता. निळेशार पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि एका बाजूला काळ्या दगडांची, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची धरणाची भिंत! हे धरण १८९२ साली पूर्ण झाले. तलाव काठोकाठ भरला म्हणजे त्यात १४,५०८ कोटी लिटर पाणी मावते. मुंबईला पाणी पुरवणारे एकंदर सात तलाव आहेत. त्या सर्वांच्या साठ्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका तलावात असतो. तलावाची जागा मुंबईपेक्षा उंच असल्यामुळे येथले पाणी मुख्यतः उताराच्या जोरावरच तेथवर धावत जाते. तलावाभोवतीच्या तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे.

“पाहा,” गुरुजी माझ्या मित्राला म्हणाले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर. हे आपल्या नळांतील पाण्याचे माहेर.”

आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या. मला वाटले, सहल येथेच संपली. पण माझ्यापुरता खरा धडा अजून पुढेच होता.

दुपारी आम्ही बाबांच्या पाड्यावर शिदोरी सोडण्यास गेलो. कुडाच्या भिंतींची दहा-बारा घरे, सारवलेली अंगणे आणि अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले. बाबांच्या घरातील आजींनी हसतमुखाने आमचे स्वागत केले आणि चकचकीत घासलेल्या तांब्यातून मला पाणी दिले. मी फार तापलो होतो. दोन घोट प्यालो, आणि सवयीप्रमाणे उरलेले पाणी हातापायांवर ओतून घेतले.

अंगणातील बोलणे थांबले. माझ्याच वयाची, आजींची एक नात दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मातीत मुरत चाललेल्या त्या ओल्या डागाकडे पाहत होती. आजी मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने तांब्या पुन्हा भरला आणि दुसऱ्या मुलाच्या हाती दिला.

“आजी, पाणी कोठून आणता?” गुरुजींनी मृदू स्वरात विचारले.

“होळी जवळ आली की विहीर तळ गाठते,” आजी म्हणाल्या. “मग खालच्या झऱ्यावर जावे लागते. पुढे चैत्र-वैशाखात झराही आटला, की टँकरची वाट पाहायची.” आणि थोडे थांबून त्या हसून म्हणाल्या, “आमच्याकडे म्हणतात ना, धरण उशाला आणि कोरड घशाला!”

माझी मान खाली गेली. घास घशाखाली उतरेना. शेवटी मी उठलो, आजींपाशी गेलो आणि म्हणालो, “आजी, मी झऱ्यावरून पाणी घेऊन येऊ?” त्यांनी प्रथम नको म्हटले, पण गुरुजींनी मान डोलावली. आजींच्या नातीबरोबर मी आणि माझा मित्र निघालो. बाबाही सोबत आले.

वाट उतरणीची, दगडधोंड्यांची. पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर कातळाच्या कपारीत एक लहानसा खळगा दिसला. तळाशी ओंजळभर पाणी साठले होते. मी वाटी बुडवू लागताच ती मुलगी चटकन म्हणाली, “तळाला टेकवू नकोस, गढूळ होईल. वरवरचे घे, आणि मग थांब.” मी एक वाटी घेतली. पाणी संपले. पुन्हा झिरपून येईपर्यंत थांबलो. पुन्हा एक वाटी. सुरुवातीला मी वाट्या मोजत होतो; साठीच्या पुढे मोजणे सोडून दिले. कळशी भरली तेव्हा सूर्य चांगलाच कलला होता.

परतीची वाट चढणीची होती. ती मुलगी डोक्यावर कळशी घेऊन सरळ चालत होती. तिच्या कळशीतून थेंबही सांडत नव्हता. मी आणि माझा मित्र आमची कळशी दोघांत धरून, धापा टाकीत, ठेचकाळत चाललो होतो. घरी पोहोचलो तेव्हा आमची कळशी चार बोटे रिकामी झाली होती. तरी आजींनी ती दोन्ही हातांनी उतरवून घेतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “शिकशील हळूहळू,” त्या म्हणाल्या.

गाडीत कोणीच फारसे बोलत नव्हते. अखेरीस माझ्या मित्राने विचारले, “गुरुजी, एवढा मोठा तलाव शेजारी असताना यांना पाणी का नाही?”

गुरुजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “काही पाडे उंचावर आहेत आणि तलाव खाली आहे. खालचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, म्हणून विहिरी लवकर आटतात. पण हे उत्तर अपुरे आहे, हे मलाही ठाऊक आहे. ज्या माणसांनी शंभर किलोमीटर दूरच्या शहराला पाणी नेले, त्यांना दोन किलोमीटरवरच्या पाड्याला नेणे अशक्य नव्हते. हा दोष डोंगराचा नव्हे. माणसांनी सोडवायचे राहून गेलेले हे गणित आहे. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी अधिकारी होईल, कोणी मत देणारा नागरिक होईल. तेव्हा हे गणित विसरू नका.”

भिवंडीत शिरलो तेव्हा रात्र पडली होती. माग खडखडत होते. घरी जाण्यापूर्वी मी माळावरच्या त्या नळापाशी गेलो आणि त्याला कान लावला. आतला आवाज पूर्वीचाच होता. पण मला तो आता निराळा ऐकू येत होता. त्यात वाळक्या पाचोळ्याची कुरकुर होती, सावरीवरच्या मैनांचा कलकलाट होता, आणि कपारीत वाटीच्या कडेवर थेंब थेंब जमणाऱ्या पाण्याचा आवाज होता.

घरी आईने तांब्या पुढे केला. मी त्यातले सारे पाणी प्यालो. थेंबही सांडू दिला नाही.

शब्दार्थ
निष्पर्ण – पाने नसलेले
पाचोळा – झाडाखाली पडलेली वाळलेली पाने
वणवा – रानात पसरणारी आग
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळ जागा
कपार – खडकातील फट
कूड – कारव्या किंवा काटक्यांची, शेणामातीने लिंपलेली भिंत
शिदोरी सोडणे – बरोबर आणलेले जेवण खाण्यास बसणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या मित्राने गुरुजींना कोणता प्रश्न विचारला?
(आ) तानसा धरण कोणत्या साली पूर्ण झाले?
(इ) रानपिंगळा किती वर्षांनी पुन्हा आढळला?

२. कारणे सांगा.
(अ) फाल्गुनात अरण्यातील झाडे पाने टाकतात.
(आ) बाबा मोहाखालचा पाचोळा जाळत नाहीत.
(इ) पाड्यावर लेखकाची मान खाली गेली.

३. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) अरण्य पाणी कसे सांभाळते, हे बाबांनी कसे पटवून दिले?
(आ) ‘माणसांनी सोडवायचे राहून गेलेले गणित’ असे गुरुजी कशाला म्हणतात?

४. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ या म्हणीचा अर्थ सांगा. अशा अर्थाचा तुम्ही पाहिलेला एखादा प्रसंग लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : टक लावणे, श्वास रोखणे, झुंबड उडणे, रोमांच उभे राहणे.

६. करून पाहा : तुमच्या घरातील पाणी कोणत्या नदीतून, तलावातून किंवा विहिरीतून येते, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून शोधा आणि त्या पाण्याच्या वाटेचा नकाशा काढा.